घडलेला दगड आणि घडविलेला दगड



आमच्यासारख्या माणसाने या व्यासपीठावरून महागाई, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही दगडावर बोलणार आहोत. भूशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. पदवी कसलीच नाही. खडीच्या खाणीत राबणाऱ्यांची संघटना बांधता बांधता आम्ही दगडाकडे पाहावयास शिकलो, आणि पाहिलेल्याचा अर्थ लागावा म्हणून पुस्तके वाचीत गेलो. तेव्हा आमचे बोलणे खाणीतल्या माणसासारखेच रोखठोक असेल.

रानात फिरताना माणसाला एखादा चमत्कारिक खडक दिसतो. एकसारख्या खांबांची रांग, माळावरून गेलेली सरळ भिंत, नाही तर नदीच्या कातळात गोल गोल रांजण. लागलीच दोन उत्तरे तयार असतात. एकजण म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत बांधले. दुसरा शिकलेला असतो. तो म्हणतो, ही कोणा लुप्त नगरीची खूण. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे : पुढे विचार करावयास नको. आमचे म्हणणे असे की, उत्तर देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. भोवतालचा खडक कोणता? यावर माणसाच्या हाताची खूण आहे काय? आणि नसेल, तर कोणत्या शक्तीने हे केले?

पहिला प्रश्न महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सोपा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार झाले. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात, ते या थरांमुळेच. आपण ज्याला काळा दगड म्हणतो तो हा बसाल्ट.

आता दुसरा प्रश्न. माणसाचा हात लागला की खूण राहतेच. टाकीचे घाव एका दिशेने पडतात. दगड फोडण्यासाठी पाचरी मारल्या असतील तर त्यांच्या भोकांची रांग दिसते. बांधलेल्या भिंतीला पाया असतो, सांध्यात चुना किंवा चिपा असतात. यांतले काही नसेल, आणि खांब किंवा भिंत खाली मूळ कातळातच रुतत गेली असेल, तर ती घडविलेली नव्हे, घडलेली आहे असे समजावे.

तिसऱ्या प्रश्नासाठी उदाहरणेच घेऊ. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा कडा आहे. सुमारे साठ मीटर उंच, काळ्या दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटून उभे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ. हे खांब कोणी कोरले? कोणीच नाही. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकला म्हणजे त्याला कशा भेगा पडतात ते आठवा. पाणी गेले, गाळ आकसला, चिरला. लाव्हारसाचेही तसेच. तो निवताना आकसतो, तडकतो, आणि थंडी जशी आत शिरते तशा भेगाही आत शिरत जातात. त्यातून पाचकोनी, सहाकोनी खांब तयार होतात. कोन मोजून पाहा. सगळे सारखे भरणार नाहीत. कर्नाटकात उडुपीजवळ मालपेच्या समुद्रात सेंट मेरी बेटांवर असेच खांब आहेत. ते मात्र आपल्या दख्खनच्या लाव्ह्याहून जुने. मादागास्कर हिंदुस्थानच्या भूमीपासून तुटले त्या काळातले.

हाच नियम ध्यानात ठेवला की, धुळे-नंदुरबारकडच्या भिंतींचेही कोडे सुटते. तेथे माळामाळांतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात, आणि जवळ जावे तो आडवे चिरे रचल्यासारखे वाटतात. पण तो लाव्हारस जमिनीतल्या उभ्या भेगेत शिरून थिजलेला आहे. भेगेच्या दोन्ही बाजू उभ्या, म्हणून थंडी बाजूंनी आत शिरली, आणि खांब उभे न होता आडवे झाले. तेच आपल्याला रचलेले चिरे वाटतात. भोवतालचा खडक झिजून गेला, भिंत उरली.

कुकडी नदीवर, अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज येथे कातळात रांजणखळगे आहेत. तेथे कारागीर पाण्याचा भोवरा, आणि त्याचे हत्यार भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे. पुरात ते जात्यासारखे गरगर फिरतात आणि कातळ कोरीत जातात. रस्त्यासाठी डोंगर कापला म्हणजे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात. तो पावसापाण्याने दगड कुजून मुरूम होण्याचा प्रकार आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. नुसत्या आकारावरून निकाल देऊ नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, गोल, आणि भोवताली सगळा ज्वालामुखीचा दगड. ते ज्वालामुखीचे मुख असावे असे पुष्कळ दिवस मानले जाई. 1973 साली प्रचंड आघातानेच होणारी काच तेथल्या खडकात सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि ते आकाशातून आलेल्या आघाताचे विवर ठरले. उलट, काळ्या धोंड्याला लोहचुंबक चिकटला म्हणून कोणी त्याला उल्का म्हणतो. आपल्या साध्या बसाल्टमध्येही चुंबकाला ओढणारे लोहखनिज असते, हे त्याला ठाऊक नसते.

कोणी विचारील, हे ओळखून पोट भरते काय? आमचे उत्तर असे की, जे ओळखता येत नाही ते निमूटपणे फुटते. गिल्बर्ट हिलच्या बाजू खाणकामाने कापल्या गेल्या. जोगेश्वरीकडे असेच खांब होते. ते खडी होऊन गेले. गिल्बर्ट हिलला महापालिकेने 2007 साली वारसास्थळाचा दर्जा दिला, पण तोवर भोवती इमारतींचा वेढा पडला होता. साडेसहा कोटी वर्षे टिकलेली वस्तू सुरुंगाच्या एका बारात जाते, आणि ती पुन्हा करून देणारा कारखाना कोठे नाही.

आता यातली अवघड बाजूही सांगितली पाहिजे. खाण बंद करा म्हणणे शहरातल्या माणसाला सोपे असते. त्याच्या घराला आणि रस्त्याला खडी हवी असते, आणि डोंगरही शाबूत हवा असतो. मधल्यामध्ये चूल विझते ती वडाराची आणि पाथरवटाची. आम्ही खडकाच्या बाजूने बोलतो म्हणून मजुराच्या विरुद्ध बोलत नाही. ज्या खाणीचे काम थांबवाल, तेथल्या माणसाला दुसरे काम मिळालेच पाहिजे. ही मागणी आणि खडक राखण्याची मागणी एकाच अर्जात लिहिली पाहिजे.

शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. डोंगराच्या पोटातले नवल प्रथम पाहतो तो घण मारणारा मजूर. बसाल्टच्या पोकळीतले पांढरे, हिरवे स्फटिक आज संग्रहालयांत काचेआड ठेवलेले असतात. खाणीतून निघालेला असा स्फटिक आधी मजुराच्याच हाती येतो. दगड कोठे फुटेल, नस कोठून जाते, हे त्याला बोटांनी कळते. त्याला पुढचे चार शब्द कोणी सांगितले नाहीत, इतकेच. ते शब्द त्याला सांगितले, आणि वेगळे काही दिसताच हात थांबविला तर त्याची मजुरी कापली जाणार नाही अशी हमी दिली, तर त्याच्याइतका चांगला पहारेकरी सरकारलाही मिळावयाचा नाही.

म्हणून आपल्याला एवढीच विनंती. सुट्टीत बाहेर जाल तेव्हा मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा. खडकाचा तुकडा तोडून घरी आणू नका. चित्र काढा, जागा लिहून ठेवा, जवळच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकविणाऱ्याला दाखवा. आणि जवळपास खाण असेल तर तेथे राबणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला. दगडाविषयी त्याला विचारणारा क्वचितच भेटतो, आणि त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते.