विकण्याआधी मोजा

दस्तलेखक, वकील, अभियंते आणि मोजणीच्या कामातल्या मित्रहो,



घर घेणाऱ्याला सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. विकणाऱ्याला मात्र 'इसार झाला, आता काळजी मिटली' एवढंच सांगितलं जातं. मोजणी ही घेणाऱ्याची गरज, हा समज आपण सोडला पाहिजे. क्षेत्रफळ आणि चतुःसीमा लिहून देतो तो विकणारा. मग ती खरी आहे की नाही, हे आधी त्यानंच पाहायला नको का?

गावठाणातल्या घराचं जुनं खरेदीखत उघडा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमक्याची पडीत जागा. आज अमक्याच्या घराच्या जागी नातवांची तीन घरं आहेत, बोळात शेजाऱ्याचा जिना उतरलाय आणि पडीत जागेवर किराणा दुकान थाटलंय. तरी नव्या दस्तात आपण तीच चतुःसीमा उतरवतो! लेआउटमध्येही तीच गत. ३० बाय ५० चा प्लॉट, कागदावर १५०० चौरस फूट. लांबीच्या बाजूनं शेजाऱ्याची भिंत दीड फूट आत आली की ७५ चौरस फूट गेले. सौद्याआधी कळलं तर बोलणी होतात, दुय्यम निबंधकाच्या दारात कळलं तर भाव पडतो, नंतर कळलं तर कोर्टाची पायरी.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचं कलम ५५ इथं विकणाऱ्यालाच धरतं. साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला कळणार नाही, पण विकणाऱ्याला ठाऊक आहे, असा महत्त्वाचा दोष उघड करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसणं ही कायद्याच्या लेखी लबाडी ठरते.

मग करायचं काय? आधी कागद ओळखा. नगर भूमापन झालं असेल तर आखीव पत्रिका, अकृषक प्लॉट असेल तर सातबारा आणि मंजूर लेआउट, खेड्याच्या गावठाणात स्वामित्व योजनेची सनद. जुना कागद हाती आला तर मथळ्यातला जिल्हा पाहून गोंधळू नका. आपला मंगरूळपीर तालुका १९०५ पर्यंत तेव्हाच्या बाशीम जिल्ह्यात होता, पुढे अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ पासून पुन्हा वाशीमचा झाला.

मग कागदावरचं नाव पाहा. आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसांचा फेरफार करून घ्या; नाहीतर मोजणीचा अर्ज तिथंच अडतो. अर्ज भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे करायचा. लगतधारकांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. नुसत्या नोटिशीनं माणूस बिथरतो. मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती आली की अभिलेखातली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठं जुळते, कुठं नाही, ते ताडून घ्या. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीची, म्हणजे फेरमोजणीची, वाट खुली आहे.

एक मात्र विकणाऱ्याला स्पष्ट सांगा. मोजणी हद्द दाखवते, मालकी ठरवत नाही आणि अतिक्रमणही हटवत नाही. ते काम शेजाऱ्याशी समजुतीनं किंवा दिवाणी न्यायालयात होतं. तिथंही दिरंगाई नडते, कारण खासगी जागेवरचा उघड, विरोधी आणि अखंड ताबा १२ वर्षं टिकला की दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं या संमेलनाकडून मला एकच ठराव हवा आहे. यापुढे आपल्यापैकी कुणीही जुन्या दस्तावरून चतुःसीमा उतरवणार नाही. लेखणी हाती घेण्याआधी विकणाऱ्याला विचारायचं, 'मोजणी कधीची?' आणि नकाशा दस्ताला जोडायचा. त्यापायी एखादा सौदा महिनाभर लांबला तरी चालेल. लेकीच्या लग्नासाठी घर विकणाऱ्याला लग्नानंतर कोर्टाच्या तारखा कराव्या लागणार नाहीत.