मोहफुलाची पारख



आज मला मद्याच्या पारखीबद्दल बोलायचं आहे, आणि मी बोलते आहे आरमोरीहून. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. गावोगावच्या बायांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या, घरातला विरोध सोसला, तेव्हा ती मिळाली. ती टिकावी अशीच माझी इच्छा आहे. तरीही हा विषय घेतला, कारण आपल्याकडे मोहाचं फूल हल्ली फक्त गुन्ह्याच्या बातमीत भेटतं. अमुक गावात इतके लिटर मोहसडवा नष्ट, तमुक गावात हातभट्टीवर धाड, एवढंच. त्या फुलाला वास आहे, चव आहे, त्यात चांगलं आणि वाईट असतं, आणि ते ओळखणारी माणसं आपल्याच मोहल्ल्यात राहतात, ही गोष्ट बातमीत येत नाही. ती मला आज सांगायची आहे.

त्यासाठी आधी थोडं दूर जाऊ. अमेरिकेतल्या केंटकी राज्याची बोर्बन नावाची व्हिस्की जगभर प्रसिद्ध आहे. ती मुख्यतः मक्याची. 1964 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं ठराव करून बोर्बन हे त्या देशाचं खास उत्पादन असल्याचं जाहीर केलं. बोर्बन कशाला म्हणायचं, हे तिथल्या कायद्यानं ठरवून दिलं आहे. धान्यात निदान 51 टक्के मका हवा. ती ओक लाकडाच्या नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपातच मुरवायची. बाहेरून रंग मिसळायचा नाही, चवीसाठी काही घालायचं नाही. बाटलीत भरताना मद्यार्काचं प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मला या नियमांचं मोल वाटतं. पिंप आतून जाळलं की लाकडातलं लिग्निन तुटतं आणि व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य तयार होतं. लाकडातल्या शर्करा करपतात आणि रंग चढतो. ओकच्या लाकडातच सुक्या खोबऱ्याचा वास देणारी द्रव्यं असतात, तीही उतरतात. म्हणजे बोर्बनच्या पेल्यात जो लालसर रंग दिसतो आणि जो गोड वास येतो, त्याचा हिशेब लावता येतो. गेल्या काही वर्षांत तिथे लहान लहान भट्ट्या पुष्कळ निघाल्या. त्यातल्या काही आपल्याच भागातला जुन्या वाणाचा मका वापरतात, आणि चव पाहणारा माणूस मका कोणता, पिंपात किती वर्षं, हे आधी विचारतो. व्याख्या पक्की असली म्हणजे पारखीला पाय ठेवायला जागा मिळते.

माझा एक भाचा केंटकीत नोकरीला आहे. तो सुट्टीत पुण्याला आला होता, तेव्हा मी तिथे गेले होते. त्यानं तिकडच्या एका लहान भट्टीची बोर्बन आणली होती, आणि गोव्यातून मोहाच्या मद्याची परवान्यानं विकली जाणारी एक बाटली. दोन पेले त्यानं माझ्यासमोर ठेवले. मी पीत नाही, हे त्याला माहीत आहे. तो म्हणाला, “मावशी, प्यायचं कुठे आहे? जाणकारसुद्धा निम्म्याहून अधिक काम नाकानं करतात, आणि तोंडात घेतलं तरी थुंकून टाकतात.” मग त्यानं रीत दाखवली. पेला खाली रुंद आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास वर गोळा होतो. नाक आत खुपसायचं नाही. पेला हनुवटीपाशी धरायचा, ओठ थोडे उघडे ठेवायचे आणि सावकाश वर आणायचा. एकदम हुंगलं तर मद्यार्काच्या झणक्यानं नाक बधिर होतं आणि पुढचं काहीच कळत नाही. मग चमचाभर पाणी घालायचं. पाण्यानं तिखटपणा खाली बसतो आणि दडलेले वास मोकळे होतात.

बोर्बनमध्ये व्हॅनिला होता, करपलेली साखर होती, खोबरं होतं. मोहाचा पेला मात्र पाण्यासारखा स्वच्छ. तो पिंपात मुरवलेलाच नव्हता, त्यामुळे लाकडाचा आधार नाही, जे आहे ते फुलाचं. पाणी घातल्यावर आधी मनुकांसारखा वास आला, मग काकवीचा, आणि त्याच्या मागून मार्च महिन्यातल्या आपल्या अंगणाचा. ज्यांच्या दारात मोह वाळत पडलेला असतो, त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यानं न धुतलेले, कोरडे पडलेले पेले पुन्हा हुंगायला दिले. ही जाणकारांची शेवटची परीक्षा. रात्रीतून मद्यार्क उडून जातो आणि खाली खरं काय होतं ते उरतं. बोर्बनच्या पेल्यात लाकूड उरलं होतं. मोहाच्या पेल्यात सुकलेलं फूल होतं, जसंच्या तसं.

या वासाबद्दल एक शास्त्रीय गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 2-ॲसिटिल-1-पायरोलिन असं लांबलचक नाव असलेलं एक द्रव्य आहे. बासमतीचा, चिन्नोरचा, एकूणच सुवासिक तांदळाचा घमघमाट मुख्यतः त्याचा. बंगालचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाघाच्या मूत्रातही शोधून काढलं. वाघ आपली हद्द आखायला झाडाझुडपांवर जो फवारा मारतो, त्यात ते असतं. हा शोध 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनीच तेच द्रव्य मोहाच्या ताज्या फुलांत दाखवलं. आरमोरीच्या माणसानं यावर जरा थांबून विचार करावा. वावरातलं धान, धुऱ्यावरचा मोह आणि जंगलातला वाघ, या तिन्हींत एकच वास आहे. आणि आमच्या बाया तिन्हींच्या मधून रोज ये-जा करतात.

होळीच्या आगेमागे मोह फुलतो. रात्रभर आणि पहाटे फुलं गळतात, उन्हं चढेपर्यंत गळत राहतात. अंधार सरला की बाया टोपल्या घेऊन निघतात. फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो, आणि आमच्या आरमोरी-देसाईगंज पट्ट्यात वाघाची धास्ती अलीकडे इतकी वाढली आहे की एकटीनं कुणी जात नाही. वाकून वाकून एकेक फूल वेचायचं, घरी आणून अंगणात पसरायचं, तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायचं, मग ढोलीत भरायचं. बाजारात व्यापारी येतो, मूठभर उचलून पाहतो आणि सगळ्या मोहाला एकच भाव सांगतो. हाच मोह पावसाळ्यात त्याच माणसांना चढ्या भावानं परत घ्यावा लागतो.

पण तो सगळा मोह एक नसतो. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात. त्यांच्यासमोर मी एकदा दोन घरचा वाळलेला मोह ठेवला. त्यांनी एक फूल चिमटीत दाबलं आणि बोटं चोळून पाहिली. चांगलं फूल चिकटतं, पण बोटाला काळं लागत नाही. मग फुलाचा रंग उजेडाकडे धरून पाहिला. नीट वाळलेलं फूल तांबूस राहतं, ढगाळ हवेत सापडलेलं काळवंडतं. मग नाकाशी नेलं. शेवटी दाताखाली धरून थोडं चावलं. आधी गोडी येते, मागून किंचित तुरटपणा. तुरटपणा लवकर आला तर केसर नीट झाडलेला नाही. दुसऱ्या ढिगाकडे बोट करून त्या म्हणाल्या, “हा पाण्यात सापडला, बाई. याले बुरशीचा वास येते.” खरोखरच त्या घरचा मोह अवकाळी पावसात भिजलेला होता. पाहणं, हुंगणं, चाखणं आणि मागे राहणारी चव लक्षात घेणं, हा क्रम केंटकीतला जाणकार पाळतो तोच आहे. त्याच्या शब्दाला बाजारात किंमत आहे. आजीच्या शब्दाला व्यापारी भाव देत नाही.

आरमोरीला ही पारख नवी नाही. आपल्याकडे कोसा आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोष वाढवणारे ढिवर बांधव कोष बोटात दाबून त्याचा दर्जा सांगतात, आणि त्या दर्जावर त्याचा भाव ठरतो. मोहाच्या बाबतीत हे का घडलं नाही?

त्याचं एक कारण जुनं आहे. इंग्रजांच्या राज्यात मोहाकडे पाहिलं गेलं ते आबकारीच्या महसुलाच्या नजरेनं. 1878 चा मुंबई आबकारी कायदा आला आणि गावातली भट्टी बेकायदा ठरत गेली. मोहाचं मद्य उरणच्या मोठ्या भट्ट्यांतून काढलं जाऊ लागलं. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर खास मोहफुलांचाच कायदा झाला आणि फुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर बंधनं आली. पुढे 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल राहिलं. वेचण्यावर आणि वाहतुकीवर असलेली ही बंधनं महाराष्ट्रात सैल व्हायला 2021 साल उजाडलं. ज्या वस्तूला हात लावताना माणूस भितो, तिचा दर्जा कोण ठरवणार?

दुसरं कारण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. चोरून काढली जाणारी दारू घाईची असते. गूळ लवकर सडावा, नशा लवकर चढावी म्हणून सडव्यात नवसागर आणि आणखी काय काय टाकतात. तिच्यात मोह नावालाच असतो. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती भट्टीतून सुरुवातीला उतरणारी धार. कोणत्याही चांगल्या भट्टीत हा पहिला भाग बाजूला काढतात, कारण त्यात नखांचा रंग पुसायच्या द्रावणासारखा उग्र वास असलेली द्रव्यं अधिक असतात. मधला भाग ठेवतात. शेवटी येणारा आंबूस, तेलकट भागही वेगळा करतात. पेटवून पाहिली आणि निळी ज्योत लागली म्हणजे माल चांगला, हा समजही चुकीचा आहे. ज्योत लागली तर तीव्रता कळते, शुद्धता कळत नाही. मिथेनॉलसुद्धा पेटतं. 2015 च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. तिथे मोहाचा काही संबंध नव्हता, पण अशा प्रत्येक बातमीचा डाग मोहावर पडतो.

इतरत्र वेगळे मार्ग निघाले आहेत. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशानं वारसा मद्याचं धोरण आणून आदिवासी बचत गटांना मोहाचं मद्य बनवायची परवानगी दिली. आपल्याच राज्यात डहाणूला मोहाचं मद्य रीतसर तयार होतं. हे सगळं मी आस्थेनं पाहते. पण गडचिरोलीत भट्टी सुरू करा, असं मी म्हणणार नाही. इथल्या बायांनी आपल्या घरात दारूनं काय केलं ते पाहिलं आहे. शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आणि पुढे ‘मुक्तिपथ’नं जे काम उभं केलं, ते त्याच अनुभवातून. महागड्या बाटलीच्या बदल्यात ते मोडू नये.

फुलाची पारख मात्र आपली आहे, आणि तिच्यासाठी एक थेंबही काढावा लागत नाही. मोहाचे लाडू होतात, मोहाची भाकर होते, पाक होतो, मनुकांऐवजी मोह वापरता येतो. खाण्याच्या कामाला स्वच्छ फूल लागतं. मातीतून वेचलेलं, राख लागलेलं फूल चालत नाही. मध्य प्रदेशात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फूल वरच्यावर झेलतात. ते जमिनीला लागत नाही, म्हणून त्याला भाव अधिक मिळतो. शिवाय झाडाखालचा पालापाचोळा जाळावा लागत नाही आणि त्या आगीतून पेटणारं जंगल वाचतं.

तेव्हा येत्या हंगामासाठी माझी ऐकणाऱ्यांना एक विनंती आहे, विशेषतः ग्रामसभांना आणि बचत गटांना. सगळा मोह एका ढोलीत भरू नका. जाळीवर झेललेला आणि कडक उन्हात वाळलेला वेगळा ठेवा, जमिनीवरून वेचलेला वेगळा, भिजलेला वेगळा. गावातल्या दोन-तीन जाणत्या म्हाताऱ्या बायांना बोलावून प्रत्येक ढीग पारखून घ्या, आणि त्यांनी सांगितलेला दर्जा ग्रामसभेच्या वहीत लिहा. व्यापारी आला की त्याच्यासमोर ती वही उघडा आणि तिन्ही ढिगांचे तीन भाव मागा.