मेंदूच्या गांठी आणि देशोदेशींची गणती



शाळेच्या हजेरीपटाचा एक नियम मीं जन्मभर पाहिला. ज्या मुलाचें नांवच पटावर नाहीं, तें गैरहजर म्हणूनहि मांडलें जात नाहीं. मेंदूच्या व मज्जासंस्थेच्या गांठींचे देशोदेशींचे आंकडे वाचतांना मला ह्याच नियमाची आठवण होते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांत ह्या कर्करोगाचे सुमारें ३ लाख २० हजार नवे रोगी झाले. वयोमानाचा फरक हिशेबांतून काढला, तरी युरोप व उत्तर अमेरिका येथें दर लाखामागें वर्षाला ५ ते ६ रोगी दिसतात. भारतांत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत त्याहूनहि कमी. मग आपण स्वतःस सुदैवी समजावें काय?

कवटीच्या आंतली गांठ हाताला लागत नाहीं. १९७१ सालीं लंडनमध्यें सी. टी. स्कॅन यंत्रानें पहिल्या रोग्याचा मेंदू तपासला. पुढें हें यंत्र अमेरिकेंत पसरलें, तसतसा तेथील वृद्धांमधील रोग्यांचा आंकडा चढत गेला. त्या वाढींत रोगापेक्षां दृष्टीचा वांटा मोठा होता. आमच्या सावर्ड्याच्या परिसरांत झटके आल्यावर आधीं देवाला कौल लावणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. असा रोगी निदानापूर्वींच दगावला, तर तो कोणत्या पटावर चढणार?

परंतु सारा फरक मोजणीचाच आहे, असेंहि नव्हे. जपानांत यंत्रें विपुल आहेत. तरीहि ग्लायोमा नांवाच्या गांठीचें प्रमाण तेथें अमेरिकेहून बरेंच कमी आहे. खुद्द अमेरिकेंत ती गोऱ्या लोकांत अधिक, तर मेनिन्जिओमा कृष्णवर्णीयांत अधिक. म्हणजे वंशपरंपरेचाहि कांहीं संबंध असला पाहिजे. मोठ्या मात्रेचे किरण व थोडे आनुवंशिक विकार एवढींच कारणें आज निश्चित आहेत. बहुतेक रोग्यांत कारण सांपडत नाहीं. तें शोधण्याचा धागा ह्या देशोदेशींच्या फरकांतच आहे, आणि म्हणून गणती खरी हवी.

महाराष्ट्रानें ह्या कामीं वाट दाखविली आहे. देशांतील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ सालीं मुंबईंत सुरू झाली, आणि खेड्यांतील पहिली १९८७ सालीं बार्शीस. तेथील कार्यकर्ते रोग्याची वाट पाहत बसले नाहींत. ते गांवोगांव फिरले.

डोकें दुखणाऱ्या प्रत्येकानें घाबरावें, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु प्रौढपणीं प्रथमच झटका आला, पहांटेच्या डोकेदुखीबरोबर उलट्या होऊं लागल्या, अथवा एक हात-पाय दुबळा पडला, तर विलंब न करितां डॉक्टरांस दाखवावें. आपल्या देशांत अशी गांठ पुष्कळदां क्षयाचीहि असते, आणि ती औषधानें बरी होऊं शकते. वेळेवर झालेलें निदान रोग्याला तारील. आणि न तारलें, तरी त्याचें नांव पटावर राहील. त्या नोंदीचा उपयोग उद्यांच्या रोग्याला होईल.