पाण्यातील डीएनए आणि उजळणारे रेणू

(वार्षिक सभेत निदान विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा पाठ)



निदान विभागाच्या खिडकीशी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "रिपोर्ट कधी मिळणार?" क्षयरोगाच्या बाबतीत त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ संकोचाने द्यावे लागले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध १८८२ साली जाहीर केला; परंतु तो जंतू अतिशय सावकाश वाढतो. घन माध्यमावर त्याची वाढ होण्याची वाट पाहायची तर सहा ते आठ आठवडे लागू शकतात. औषधाला दाद न देणारा जंतू असेल, तर तेवढा काळ रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राहतो आणि घरातील मुले त्याच हवेत श्वास घेतात. म्हणून जंतू वाढण्याची वाट न पाहता त्याचा डीएनए थेट ओळखावा, या विचाराला आम्ही एवढे महत्त्व देतो.

अडचण अशी की, डीएनए स्वतः जवळजवळ उजळत नाही. बँकेत नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली काही खुणा चमकून उठतात, ते आपण पाहिले असेल. न दिसणारा प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. डीएनएला हा गुण उसना द्यावा लागतो. एथिडियम ब्रोमाइड हे जुने रंगद्रव्य डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरले की सुमारे वीसपट अधिक उजळते. मात्र ते कोणत्याही डीएनएमध्ये शिरते. जंतूचा कोणता आणि रुग्णाचा कोणता, हे त्याला समजत नाही.

येथे रसायनशास्त्रज्ञांची कल्पकता कामी आली. डीएनएच्या प्रत्येक पायरीमागे फॉस्फेटचे दोन ऋण विद्युतभार असतात. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा विद्यापीठात गिलेर्मो बाझान, २००० सालचे नोबेल मानकरी ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या भाराचाच उपयोग करून घेतला. त्यांनी धनभारित, प्रकाश शोषणारा लांब रेणू पाण्यात विरघळवला. त्याच पाण्यात पीएनए नावाचा शोधक तुकडा घातला. त्याला हिरवा चमकणारा रंग जोडलेला होता आणि भार मुळीच नव्हता. भार नसल्यामुळे धनभारित रेणू त्याच्याकडे फिरकत नाही. परंतु नेमका जुळणारा डीएनए शोधकाला चिकटला की त्याच्या ऋणभारामुळे हा रेणू ओढला जातो आणि शोषलेली ऊर्जा हिरव्या रंगाला देऊन टाकतो. हे हस्तांतर काही नॅनोमीटर अंतरातच घडते. अंतर दुप्पट झाले की ते चौसष्टपटींनी मंदावते. म्हणून हिरवा प्रकाश दिसणे म्हणजे दोघांची गाठ पडणे होय.

लांब साखळीऐवजी फांद्यांचा रेणू का घ्यावा? पहिले कारण आम्हा प्रयोगशाळेतील माणसांना चटकन पटते. साखळ्या कमी-अधिक लांबीच्या निघतात; टप्प्याटप्प्याने रचलेला शाखायुक्त रेणू दर वेळी तंतोतंत तोच असतो, त्यामुळे मोजणीही तीच येते. डेंड्रिमर या त्याच्या नावाच्या मुळाशी वृक्ष या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दुसरे कारण पाण्याचे. प्रकाश देणारे चपटे रेणू पाण्यात एकमेकांवर रचले जातात, आणि असे गोळा झाले की बहुधा मंदावतात. फांद्या पसरल्या म्हणजे ते परस्परांपासून दूर राहतात, टोकांवरील धनभार त्यांना पाण्यात विरघळवतात आणि प्रत्येक फांदी प्रकाश गोळा करून मध्याकडे पोहोचवते.

ही पद्धत आपल्या विभागात वापरात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वच्छ पाण्यात ती सुबक चालते. थुंकीत वा रक्तात क्षार हे भाराचे आकर्षण झाकून टाकतात आणि प्रथिनेही अशा रेणूंना ओढून घेतात. शिवाय जंतूंचा डीएनए अत्यल्प असतो. म्हणून रुग्णांसाठी आधी डीएनएच्या असंख्य प्रती करून मग प्रकाश मोजणारी यंत्रेच उपयोगी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्य केलेली, आपल्याकडे सीबीनॅट म्हणून परिचित असलेली तपासणी सुमारे दोन तासांत क्षयजंतू आणि रिफाम्पिसिनला होणारा त्याचा विरोध दाखवते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे विजेरीवर चालणारे यंत्र २०२० साली त्याच संघटनेच्या शिफारशीत आले.

रुग्णांच्या आप्तांसाठी एक खुलासा. मेलेल्या जंतूचाही डीएनए काही काळ शिल्लक राहतो. त्यामुळे उपचारानंतर ही तपासणी 'पॉझिटिव्ह' आली, तरी रोग कायम आहे असा अर्थ होत नाही. औषध लागू पडले की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही आजही सूक्ष्मदर्शक आणि जुनी संवर्धनाची पद्धतच वापरतो, आणि त्या निर्णयासाठी थांबण्याची विनंती करतो.

देणगीदारांना एवढेच विनवायचे आहे. यंत्र विकत घेतल्याने खर्च संपत नाही. प्रत्येक रुग्णासाठी नवे कार्ट्रिज वा नवी चिप लागते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, कार्ट्रिजवर येत नाही; कदाचित म्हणूनच या खर्चासाठी हात सहसा पुढे येत नाहीत. गरीब रुग्णांच्या तपासणीसाठी दर वर्षी येणारी लहान रक्कम आम्हांला एका मोठ्या यंत्राइतकीच मोलाची आहे.