गच्चीची किल्ली

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात ‘माझ्या आवडीची गाणी’ या विषयावर एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



माझ्या वयाच्या माणसाने आवडीची गाणी म्हटल्यावर तुम्हाला बाबूजी नाहीतर भीमसेनजी आठवले असतील. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण मी बोलणार आहे मायकेल जॅक्सनच्या गाण्यांवर. हसू नका!

१९८२च्या शेवटी त्याचा ‘थ्रिलर’ हा अल्बम आला. आमच्या परळच्या चाळीत त्याची कॅसेट पोचायला दोनेक वर्षं गेली. शब्द एक कळत नव्हता. पण ‘बिली जीन’ लागलं की आधी नुसता ड्रम, मग बेस गिटार, आणि जवळजवळ अर्धा मिनिट गाणारा तोंडच उघडत नाही. निर्माते क्विन्सी जोन्स यांना ही सुरुवात फार लांबलेली वाटत होती. जॅक्सन अडून बसला, की हेच ऐकून मला नाचावंसं वाटतं. त्याचंच खरं ठरलं. तेवढ्यात आमची अख्खी गॅलरी हलायला लागायची! गणपतीत आम्ही पाय घासत मागे जायचो, मूनवॉक म्हणून. चपला झिजल्या, मूनवॉक काही जमला नाही.

‘बीट इट’ला पुढे कोणी नाचायचं, यावरून तर हाणामारी व्हायची. भांडण टाळून निघून जाण्यात कमीपणा नाही, असं ते गाणं सांगतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

१ नोव्हेंबर १९९६ला शिव उद्योग सेनेने अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम ठेवला. तिकीट आपल्या ऐपतीबाहेरचं. मी आणि माझा मित्र बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकत होतो. पुढे त्याच्यावर गंभीर आरोप झाले, वाद झाले, ते मला माहीत आहे. मी इथे गाण्यांपुरतं बोलतोय.

मग आपण सगळे तुळिंजला आलो. टँकरच्या पाण्यासाठी रांगा लावल्या, सोसायटी उभी केली. २५ जून २००९ला जॅक्सन गेला. आपल्या चार-पाच मुलांनी ठरवलं, गणपतीत त्याच्या गाण्यांवर नाच बसवायचा. रोज संध्याकाळी गच्चीवर तालीम. वरच्या मजल्यावरून तक्रारी आल्या, पंखे हलतात म्हणून. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालं होतं. सेक्रेटरी मीच. नोटीस लावली आणि गच्चीला कुलूप घातलं. परळच्या गॅलरीत नाचलेला माणूस मी! पण मुलांशी पाच मिनिटं बोललोसुद्धा नाही. त्या वर्षी त्यांचा नाच झाला नाही. पुढच्या वर्षी ती मंडपातच फिरकली नाहीत.

२०१५ला ‘एबीसीडी २’ पाहिला. आपल्याच वसई-नालासोपाऱ्याकडच्या नाचणाऱ्या मुलांवरून घेतलेली गोष्ट. त्याच मुलांच्या ‘द किंग्ज’ने २०१९ला अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकलं. सगळे टाळ्या वाजवत होते, मला मात्र ते कुलूप दिसत होतं. आपली मुलं तिथवर गेली असती असं मी म्हणत नाही. पण त्यांना आपण जागा दिली नाही, एवढं खरं.

जॅक्सनचं ‘मॅन इन द मिरर’ नावाचं एक गाणं आहे. सिडा गॅरेट आणि ग्लेन बॅलार्ड यांनी लिहिलेलं. जग सुधारायचं तर आधी आरशातल्या माणसापासून सुरुवात करा, असा त्याचा भाव. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती. त्या मुलांपैकी एक जण इथे मागे बसलाय. मघाशी पहिल्या रांगेत नाचली ती त्याचीच मुलगी. बाळा, माफ कर रे.

आणि कमिटीला एक विनंती. वरच्या मजल्यावरच्यांची अडचण खरी आहे, तेव्हा गच्ची नको. पण खाली पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सहा ते साडेसात एक कोपरा मुलांना मोकळा ठेवा. माझी स्कूटर मी उद्यापासून गेटबाहेर लावतो.