परसबाग : शाळेतून घराकडे



शाळेच्या आवारात वाफे तयार झाले म्हणजे परसबागेचे कार्य संपले, असा समज आढळतो. वस्तुतः तेथे त्याचा केवळ आरंभ होतो. उन्हाळी सुटीत शाळेचा वाफा वाळतो. मुलाच्या परसातील वेल मात्र घरच्या सांडपाण्यावर तगून राहते.

पावसाळ्याच्या तोंडी कुंपणाशी दोडका व वाल लावावेत, मोरीजवळ अळू लावावे आणि कोपऱ्यात शेवग्याची जून फांदी रोवावी. थंडीत मेथी पेरली असता सुमारे महिन्याभरात ती काढणीस येते. हिरव्या पाल्यापासून शरीरास ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. त्याच्या अभावी मुलांस रातांधळेपणा जडतो. भाजीत थोडे तेल घातल्यास हे सत्त्व अधिक अंगी लागते. ज्या घरी शेवग्याचा पाला खुडावयाचा राहून जातो, तेथे औषध दारी असून उपयोगी पडत नाही.

बियाणे विकतच घ्यावे लागते, असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न शिकता गावरान बियाण्यांचा मोठा संग्रह केला, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशी विद्या गावोगावच्या आजीबाईंपाशी आहे. शिक्षकाने त्यांना वर्गात पाचारण करावे. प्रत्येक मुलाने एक निरोगी शेंग वेलीवरच वाळू द्यावी, तिचे बी राखेत घोळून जपावे व पुढील वर्षी शेजाऱ्यास द्यावे. परसबागेची खरी परीक्षा शाळेच्या फलकावर होत नाही, मुलाच्या ताटात होते.