तीन शब्द आणि एक बटण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितले होते. पण तो विषय तुमची मुले तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला समजावतील. मी बोलणार आहे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या विजेच्या धड्यावर. त्याला कारण आहे. आपल्यातले बरेच जण पोटापाण्यासाठी बाहेर पडले, आणि आईवडील अजून त्याच जुन्या घरात राहतात. त्या घरातले वायरिंगही बहुधा आपण शाळेत होतो तेव्हाचेच आहे. विभवांतर, विद्युतधारा आणि रोध हे तीन शब्द आपण परीक्षेपुरते पाठ केले, पण त्या घरात ते आजही जीवनमरणाचे आहेत.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर हे सगळे इंग्रजीत आले, तेव्हा मला आपल्या मराठी शब्दांची किंमत कळली. ‘व्होल्टेज’ म्हटले की वाटते, तारेत भरून ठेवलेले काहीतरी असावे. ‘विभवांतर’ या शब्दातच ‘अंतर’ आहे. म्हणजे तो नेहमी दोन ठिकाणांमधला फरक असतो. उघड्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्यांच्यात फरक जवळजवळ नसतोच. आपण मात्र जमिनीवर उभे असतो. घरातली फेजची तार आणि जमीन यांच्यात २३० व्होल्टचा फरक असतो. तारेला हात लागला की परिपथ पूर्ण होतो, आणि त्या परिपथाचा एक तुकडा आपण असतो.

या तिघांचे नाते सांगणारा गेओर्ग ओहम हा जर्मनीत कोलोन शहरात शाळामास्तर होता. बाप कुलपे बनवणारा कारागीर. शिकवता शिकवता शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने मोजमापे केली आणि १८२७ साली पुस्तक काढले. त्याच्या देशात सुरुवातीला फारशी दाद मिळाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिले ते १८४१ साली. समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना हे मुद्दाम सांगते, हा नियम एका शिक्षकाचा आहे. विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. एवढेच.

आता हा भागाकार आपल्या अंगावर करून बघू. कोरड्या कातडीचा रोध बराच जास्त असतो. पण हात ओले, पाय अनवाणी आणि फरशी ओली असेल, तर हातापासून पायापर्यंत तो साधारण १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. हृदयाचे ठोके बिघडवायला याहून बरीच कमी धारा पुरते. उलट, टेस्टर लावताना जी धारा आपल्या अंगातून जाते ती एक मिलिअँपिअरहूनही कमी असते, कारण टेस्टरच्या आत लाखो ओहमचा रोध बसवलेला असतो. व्होल्ट तेच, पण रोध बदलला की परिणाम बदलतो.

“आमच्याकडे एमसीबी आहे की!” असे कोणी म्हणेल. एमसीबी काय बघतो, तर तारेतून मर्यादेपेक्षा जास्त धारा जाते का. गिझरच्या लाइनवर तो १६ अँपिअरचा असतो. माणसातून जातात ०.२३ अँपिअर. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब साधारण तेवढीच धारा घेतो. म्हणजे शॉक बसलेला माणूस एमसीबीच्या लेखी घरात लागलेला आणखी एक बल्ब असतो. तो पडणार नाही. त्याचे काम तारा जळू न देण्याचे आहे, माणूस वाचवण्याचे नाही.

मग अर्थिंग? तिथेही ओहमचाच हिशोब. समजा, गिझरच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली. अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध १ ओहम असेल, तर २३० अँपिअर धावतात आणि एमसीबी लगेच पडतो. पण खड्डा वर्षानुवर्षे कोरडा आहे, तार गंजली आहे आणि रोध ५० ओहम झाला आहे असे धरा. आता धावतात फक्त ४.६ अँपिअर. २००० वॉटच्या गिझरचे स्वतःचे ८.७ मिळवले, तरी बेरीज १६ च्या आतच. एमसीबी शांत, गिझरमध्ये पाणी तापते आहे आणि पत्र्यात करंट आहे. “करंट सोप्या वाटेनेच जातो, अर्थिंग आहे म्हणजे आपल्याला काही होत नाही” हा समज इथे जीव घेतो. समांतर जोडणी आठवा. धारा सगळ्याच वाटांनी जाते, ज्या वाटेचा रोध कमी तिथून जास्त, एवढाच फरक. नळाला हात लावणारा माणूस ही त्यातली एक वाट.

यावर उपाय म्हणजे आरसीसीबी. बरेच वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. तो किती धारा गेली हे बघत नाही. फेजमधून गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली का, हे बघतो. जमाखर्चात ३० मिलिअँपिअरची तूट आली की तो सेकंदाच्या एका अंशात लाइन तोडतो, कारण हरवलेली धारा कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात असते. त्याचीही मर्यादा आहे. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि जमिनीचा संबंध आला नाही, तर त्याला हिशोब बरोबरच दिसतो. म्हणून एमसीबी, अर्थिंग आणि आरसीसीबी तिन्ही हवेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आता माझी विनंती. इथून आईवडिलांकडे जाल तेव्हा मीटरजवळचा बोर्ड उघडून बघा. ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असलेला स्विच आहे का? असला, आणि त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले असेल, तर ते बटण दाबा. लाइन गेली पाहिजे. गेली नाही, तर तो बदलून घ्या. महिन्यातून एकदा असे दाबायला घरच्यांना शिकवा. असा स्विचच नसेल, तर परत निघण्याआधी परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या आणि अर्थिंगचा रोध मोजून घ्या. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालत असतील, तर नायलॉनची दोरी बांधून द्या. पावसाळ्यात भिंतीतला करंट त्या तारेत उतरतो. बादलीत टाकायचा हीटर रॉड दिसला, तर तो घरातूनच काढा.

आणि एक गोष्ट घरातल्या लहानथोरांना पाठ करून घ्या. कोणी चिकटले तर धावत जाऊन ओढायचे नाही. आधी मेन स्विच बंद. तो हाताशी नसेल, तर कोरड्यावर उभे राहून कोरड्या लाकडाने बाजूला करायचे. माया माणसाला पुढे ढकलते आणि एकाऐवजी दोघे जातात.

दहावीत या धड्याला किती मार्कांचे प्रश्न आले होते ते आता कोणालाच आठवत नसेल. पण उदाहरणे आपल्याला अजून सोडवता येतात, हे आत्ता तुम्ही पाहिलेत. या वेळी उत्तर वहीत लिहायचे नाही, बोर्डाजवळ जाऊन तपासायचे आहे. पुढच्या मेळाव्यात भेटू तेव्हा “बटण दाबलेस का?” असे मी प्रत्येकाला विचारणार आहे.